जांभळ्या गव्हाचा खून

१

मानवजातीच्या इतिहासात गव्हाने जेवढी साम्राज्यं उभी केली आणि आडवी पाडली, तेवढी कुठल्याही सेनापतीला जमली नाहीत. गहू पिकला तेव्हा नगरं वसली, गहू सडला तेव्हा राजमुकुट गडगडले. गव्हाचं एक रोप मेलं, की जगात कुठेतरी मोठी उलथापालथ होतेच होते.

त्या सकाळी आमच्याकडे दूध उतू गेलं.

मी दुधावर लक्ष ठेवून उभा होतो आणि फोन वाजला. पलीकडे माझी लेक होती. ती एका संशोधन संस्थेत बरण्यांमध्ये गहू वाढवते.

"बाबा, जांभळा गेला," ती म्हणाली आणि रडायला लागली.

जांभळा कोण, हे मला विचारावं लागलं नाही. एखाद्या घरात नातू असतो, तसा आमच्या घरात जांभळा होता. त्याला आज कितवं पान फुटलं हे कळल्याशिवाय लेकीच्या आईला घास उतरत नसे.

जांभळ्या दाण्याचा गहू जगात आहे. पण तो जुना वाण अंगाने उंच, लुकडा आणि जरा वारा सुटला की लोळण घेणारा. लेकीला हवा होता बुटका, दणकट, भरल्या ओंबीचा आणि तरीही जांभळ्या दाण्याचा गहू. दोन वाणांचा संकर करून पिढ्यान् पिढ्या निवड करत बसायचं, तर तिचीच निवृत्ती जवळ आली असती. म्हणून तिने संकराच्या फुलातले परागकोश काढून बरणीतल्या गोड जेलीवर ठेवले. परागकोशातून गोळा होतो, गोळ्यातून रोप निघतं, आणि अशा रोपाचा वाण एका फटक्यात पक्का करता येतो. अडचण एवढीच, की बहुतेक रोपं पांढरीफटक निघतात. अंगात हिरवेपणाच नसतो. थोडे दिवस तग धरतात आणि मान टाकतात.

अशा ढीगभर पांढऱ्यांमागे एक हिरवं रोप जगलं. त्याच्या पानाचा कपटा परगावी तपासणीला गेला, महिन्याभराने निकाल आला: जांभळ्या दाण्याचा गुण याच्यात आहे. तोच हा जांभळा. संचालकांनी लेकीला बजावलं होतं, की यंदा हे रोप बरणीतून कुंडीत गेलं तर काम पुढे चालेल, नाहीतर कायमचं बंद.

"बुरशी आली बाबा. रोप पार झोपलंय. आणि झाकणाला चीर आहे! कालपरवापर्यंत धडधाकट होता हो. कोणीतरी मुद्दाम केलंय."

मी गॅस बंद केला आणि ताईला फोन लावला.

२

माझी ताई, म्हणजे लेकीची आत्या, जन्मभर प्रसूतीच्या इस्पितळात नवजात बाळांच्या खोलीची मुख्य परिचारिका होती. गुन्हा म्हणावा असा तिने एकही शोधलेला नाही. पण एकाच सुरात रडणाऱ्या खोलीभर बाळांतून खरोखर कोणाचं पोट दुखतंय हे जिने ओळखलं, तिला मोठी माणसं म्हणजे अगदीच सोपी. मोठी माणसं निदान तोंडाने खोटं बोलतात, तेवढाच धागा मिळतो.

लेकीने आम्हाला वाढखोलीत नेलं. लोखंडी रॅक, प्रत्येक फळीवर ट्यूबलाइट, खाली ओळीने काचेच्या बरण्या. ताई दारातच थबकली.

"अगं, ही तर माझीच खोली!" ती म्हणाली. "फक्त रडणं नाही."

"रडणं मी करतेय ना," लेक म्हणाली.

सगळ्यात वरच्या फळीच्या कोपऱ्यात, सगळ्यात चांगल्या ट्यूबखाली मयताची बरणी होती. आत राखाडी कापूस पिंजून भरावा तशी बुरशी, आणि तिच्यात लोळलेलं रोप. झाकणावर लेकीच्या अक्षरात 'जांभळा'. काठापासून मध्यापर्यंत केसाएवढी चीर. खालच्या फळीवर ट्रेमध्ये उभट बरण्या खेटून उभ्या होत्या आणि प्रत्येक झाकणावर लिहिलं होतं, 'साधा'. ही तुलनेसाठी ठेवलेली नेहमीच्या गव्हाची रोपं.

"हा जांभळा जिवंत असताना तरी जांभळा होता का?" मी विचारलं. "मला सगळे हिरवेच दिसतात."

"बाबा, किती वेळा सांगू? रंग दाण्याच्या सालीत असतो. दाणा भरेपर्यंत रोप बाकीच्यांसारखंच हिरवं."

"संशय कोणावर?" ताईने विचारलं.

 लेकीने समोरच्या रॅककडे मान केली. तिथे बटाट्याची रोपं होती. संस्थेत सगळे ज्यांना बटाटेवाले सर म्हणत, त्यांची. एसी किती गार ठेवायचा यावरून लेकीची आणि त्यांची जुंपली होती आणि वर्षभर बोलाचाली बंद होती. सगळा व्यवहार दाराजवळच्या फळ्यावर चाले. त्यावर लेकीच्या अक्षरात होतं, 'कृपया आपले बटाटे आपल्या हद्दीत ठेवावेत.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'बटाट्यांना हद्द कळत नाही. आपणास कळत असल्यास त्यांना समजावावे.'

"आणि आत्या, मला सोमवारीच शंका आली होती," लेक म्हणाली. "कोणीतरी बरण्यांना हात लावला होता. जांभळ्याच्या जागेवर एक साधा ठेवलेला, आणि जांभळा खाली साध्यांच्या ट्रेमध्ये! मी दोघांना पुन्हा आपापल्या जागी ठेवलं."

"तेव्हा झाकणाला चीर होती?"

"एवढं निरखून कोण बघतं? असेलही."

ताई काही विचारणार तेवढ्यात दार उघडलं. संचालक आत आले, मयताकडे बघून त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि रुमालातूनच निकाल दिला.

"खोलीत बुरशी शिरली आहे. गव्हाच्या सगळ्या बरण्या दुपारपर्यंत ऑटोक्लेव्हमध्ये घालून उकळा. खोली रिकामी झाली पाहिजे."

३

ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस मावेल एवढा प्रेशर कुकर. तो जिच्या ताब्यात होता, तिला संस्थेत सुगरण म्हणत. रोपांची जेली शिजवायची तिने, बरण्या-झाकणं उकळायची तिने. आम्ही गेलो तेव्हा ती साखर तोलत होती.

"माझ्या जेलीत खोट काढायला आलात?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही हो. माझ्या भाचीचं बाळ गेलं, म्हणून आले," ताई म्हणाली.

सुगरणीने साखर खाली ठेवली. "वाईट झालं. त्याला पहिल्यापासून माझ्याच हातचं लागायचं."

"झाकणाला चीर कशी गेली असेल?"

"कशी म्हणजे? तीच ती झाकणं किती वेळा उकळायची? प्लॅस्टिकच ते, तडकणारच. नवी मागवून थकले मी. कपाटात एक शिल्लक नाही. एकाचं तडकलं तर दुसऱ्याच्या डोक्यावरचं काढून घालायची पाळी आलीय."

ताई तिच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, हिला चक्कर येतेय.

"रविवारी इथे कोण असतं?" तिने विचारलं.

"सुटीला कोण येणार? बटाटेवाले सर येतात तेवढे. घरी पाहुणे आले की त्यांना बटाट्यांची फार काळजी वाटायला लागते. ह्या रविवारीही लॅमिनार सुरू होतं, मी पाणी सोडायला आले तेव्हा आवाज ऐकला."

लॅमिनार म्हणजे स्वच्छ हवा फुंकणारं कपाट. बरणी उघडायची ती त्याच्या तोंडाशी बसूनच, नाहीतर हवेतली बुरशी आत शिरते.

"म्हणजे रविवारी बटाटेवाल्यांनी काहीतरी उघडलं," बाहेर आल्यावर मी म्हणालो. "सोमवारी बरण्या हललेल्या. आज मुडदा. ताई, संपलं की!"

"तुझं नेहमी लवकर संपतं," ताई म्हणाली.

४

बटाटेवाले सर त्यांच्या टेबलाशी पाठ करून बसले होते. समोर बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीच्या पोटावर मार्करने नाव आणि तारीख घातलेली. झाकणं कोरी.

"बसा," ते म्हणाले. खुर्ची एकच होती, तिच्यावर ते बसले होते.

ताई उभी राहिली. "रविवारी माझ्या भाचीच्या जांभळ्याला तुम्ही हात लावलात?"

आता हे गृहस्थ उसळतील, फळ्यावरच्या भाषेत काहीतरी बोलतील, असं मला वाटत होतं. माझं उत्तरही तयार होतं. पण त्यांनी चष्मा काढला आणि नुसताच पुसत बसले.

"लावला," ते म्हणाले. "माझ्यामुळेच मेलं ते."

५

लेक दारात येऊन उभी होती. तिनेही ऐकलं. तिच्या हातात फळ्याचा डस्टर होता, तो ती फेकते की काय म्हणून मी मध्ये सरकलो.

"सगळं सांगा," ताई म्हणाली. "हळू सांगितलंत तरी चालेल."

"रविवारी आलो. सहज यांच्या वरच्या फळीकडे नजर गेली. ते रोप कुठे ठेवतात हे संस्थेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. झाकणाला चीर दिसली. म्हटलं, सोमवारपर्यंत थांबलं तर हे हातचं जाईल. नवं झाकण शोधलं, एकही नाही. मग साध्यांपैकी एक बरणी घेतली, लॅमिनारमध्ये बसलो, तिचं धड झाकण जांभळ्याला घातलं आणि चिरकं तिला. साधी रोपं काय, आणखी करता येतात. जांभळ्याची बरणी जिथल्या तिथे ठेवली, ती दुसरी खाली ट्रेमध्ये."

"मला सांगितलं का नाही?" लेक पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलली.

"आपली बोलाचाली बंद आहे ना," सर अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "आणि फळ्यावर काय लिहू? 'आपल्या रोपाचा जीव वाचवला आहे, पोच द्यावी'? आणि बरं झालं लिहिलं नाही. उघडताना माझ्याच हातून बुरशी आत गेली असणार. सकाळी कळल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. धीरच होत नाही."

"म्हणजे मुडदा तुम्ही पाहिलेला नाही," ताई म्हणाली.

"नाही."

"त्याच्या झाकणाला चीर आहे."

सरांनी चष्मा घातला. "शक्य नाही. चिरकं झाकण मी जांभळ्यावरून काढलं होतं."

ताई लेकीकडे वळली. लहान मुलाला औषध पाजताना तिचा आवाज व्हायचा, तसा झाला.

"सोमवारी बरण्यांची अदलाबदल झाली, हे तुला कशावरून कळलं?"

"झाकणावरून. वर नाव आहे ना."

"आणि आज मेला तो जांभळाच, हे कशावरून?"

"झाकणा..." लेक थांबली.



"तुम्ही नाव झाकणावर लिहिता?" सरांनी इतक्या आश्चर्याने विचारलं, की जणू लेक मोजे हातात घालते.

"मग कुठे लिहिणार? आमच्या बरण्या ट्रेमध्ये खेटून असतात, वरूनच दिसतात. गहूवाले सगळे झाकणावरच लिहितात!"

"आम्ही बरणीच्या पोटावर लिहितो. बटाटेवाले सगळे! झाकणावर काय लिहिलंय ते मी बघतच नाही. घरी आमच्या साखरेच्या डब्याच्या झाकणावर वर्षानुवर्षं 'मीठ' लिहिलेलं आहे."

"अगं माझे बाई," ताईने कपाळावर हात मारला. "टोपड्यावर कोणी नाव लिहितं का? टोपडं काय, ओलं झालं की याचं त्याला घालतात. चिठ्ठी बाळाच्या पायाला बांधायची असते! यांनी रविवारी टोपडी बदलली आणि बाळ जागच्या जागी ठेवलं. तू सोमवारी आलीस, टोपडी वाचलीस आणि आपलं धडधाकट बाळ स्वतःच्या हाताने उचलून दुसऱ्यांच्या पाळण्यात ठेवून आलीस. त्याच्या जागी आणून बसवलंस ते चिरक्या टोपड्याचं साधं. मेलं ते साधं. बिचारं उगीच मोठ्या घरच्या इतमामाने गेलं."

"म्हणजे जांभळा..." लेक दारातून आत आली.

"आहे की. साध्यांच्या ट्रेमध्ये."

सरांनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तो ट्रे," ते म्हणाले, "मघाशीच माझ्या दारावरून उकळायला गेला."

६

माझ्या वयात मी धावत नाही. त्या दिवशी धावलो. माझ्यापुढे ताई, तिच्यापुढे बटाटेवाले सर आणि सगळ्यांच्या पुढे डस्टर हातात घेतलेली लेक.

ऑटोक्लेव्हचं झाकण उघडं होतं. आत ट्रे, ट्रेमध्ये बरण्या, आणि शेजारी स्टुलावर हाताची घडी घालून सुगरण. समोर संचालक.

"अहो, अजून सुरू का केलं नाही?" ते विचारत होते.

"रिंग सापडत नाही झाकणाची. रिंगशिवाय वाफ धरत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?"

"सकाळी तर होती!"

"सकाळी होती," सुगरणीने मान्य केलं. ती ज्या स्टुलावर बसली होती, त्याच्यावर ती रोजच्यापेक्षा बोटभर उंच दिसत होती. पुढे तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ज्यांना जेवू घातलं त्यांना लगेच उकडायला घ्यायचं, हे मला जमत नाही बाई. म्हटलं, जरा वेळ जाऊ दे, कोणीतरी येईल."

आम्ही चौघं आलो होतो. धापा टाकत लेकीने सगळं सांगितलं. संचालकांनी ऐकून घेतलं आणि अडचण मांडली. ती खरी होती.

"जिवंत आहे हे मान्य. पण यातला कुठला? सगळे सारखे हिरवे. तपासणीला पाठवायचे तर महिना जाणार. तेवढा वेळ या बरण्या मी बुरशीच्या खोलीत ठेवू देणार नाही."

 मग ताईने आपला एक साधा प्रश्न विचारला.

"सगळी बाळं उबेत सारखीच दिसतात गं. गारठ्यात एखाद्याची बोटं निळी पडतात, एखाद्याची नाही. तुझ्या या पोराचं गारठ्यात काही होतं का?"

लेकीने ताईकडे बघितलं, मग बरण्यांकडे. "जुन्या जांभळ्या गव्हाचं होतं. थंडी आणि लख्ख उजेड मिळाला, की त्याचा बुंधा जांभळट होतो. साध्याचा होत नाही. आमच्या खोलीत ऊब असते आणि ट्यूबचा उजेड मंद, म्हणून दिसलं नसेल. पण हा गुण याच्यात उतरला असला तर. नसेलही उतरला."

"थंड आणि उजेडाची खोली माझ्याकडे आहे," बटाटेवाले सर घाईने म्हणाले. "बियाण्याच्या बटाट्यांची. मोठ्या काचा आहेत. बटाटे सरकवतो. त्यांना तशीही हद्द कळत नाही."

सगळ्यांनी संचालकांकडे बघितलं. संचालकांनी छताकडे बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "खोली रिकामी झाली पाहिजे, असा माझा आदेश होता. रिकामी झाल्यावर बरण्या कुठे जाव्यात, याबद्दल आदेशात काही नाही."

या वाक्याबद्दल मी त्या माणसाचा जन्मभराचा ऋणी आहे. आदेश देणारी माणसं पुष्कळ भेटतात. स्वतःच्या आदेशाला मागचं दार ठेवणारा भला माणूस क्वचितच सापडतो.

७

पुढचे दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. लेक सकाळी भिंग घेऊन बटाट्यांच्या खोलीत जायची. तिच्या आधी सर येऊन गेलेले असायचे. खिडकीच्या काचा पुसलेल्या दिसायच्या. मग एके सकाळी दोघांची वेळ एकच झाली आणि पुढे तीच ठरली. फळ्यावर कोणी काही लिहिलं नाही. बोलणं सुरू झालं, की फळा ओस पडतो.

रोपं हिरवीच राहिली. दुसऱ्या दिवशीही आणि त्यानंतरही. लेकीने फोनवर मला सांगितलं, "बाबा, गुण उतरला नसेल. तुम्ही मनाची तयारी करा." मी म्हणालो, "केली." दोघंही खोटं बोललो.

ज्या सकाळी ते घडलं, त्या सकाळी मीही तिथे होतो. लेक एकेक बरणी उजेडात धरून खाली ठेवत होती. एक बरणी तिने धरली आणि ठेवलीच नाही. जेलीच्या जरा वर, बुंध्याशी, एक बारीक जांभळी रेघ होती. ओठाला जांभूळ लागावं तेवढीच. तिने भिंगातून बघितलं, बिनभिंगाचं बघितलं, डोळे पुसून बघितलं. मग उरलेल्या सगळ्या बरण्या तपासल्या. बाकी सारे कोरे.

  सरांनी खिशातून आपला मार्कर काढला, टोपण उघडलं आणि तिच्यापुढे धरला. लेकीने बरणीच्या पोटावर, चांगल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'जांभळा.' पानाचा कपटा पुन्हा तपासणीला गेला, तो निकालही तसाच आला. पण खरं सांगायचं तर तो कोणी उघडून बघायला घाई केली नाही.

जांभळा कुंडीत गेला. बुटका राहिला, जाड झाला, उभा राहिला. त्याला ओंबी आली, ओंबी भरली, वाळली. ज्या दिवशी ती खुडायची होती, त्या दिवशी काचघरात संचालक आले, सुगरण आली, ताई आली, लेकीची आई ठेवणीतल्या कपड्यांत आली. लेकीने ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली, भुसा उडाला. हातावर दाणे राहिले, पिकल्या जांभळाच्या रंगाचे.  ताईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "सगळी बोटं मोजा रे नीट," तेव्हा सगळे हसले.

मग लेक बोलायला उभी राहिली. तिने आत्याचे आभार मानले, सुगरणीचे मानले, संचालकांचे मानले. मेलेल्या त्या साध्याचेही मानले, कारण याच्या वाट्याचं मरण त्याने घेतलं होतं. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. ज्या माणसाबद्दल आपण वर्षभर घरात वाटेल ते बोललो, त्याने सुटीच्या दिवशी, कोणी बघत नसताना, आपल्या मुलीच्या रोपाचं झाकण बदलावं आणि कोणाला सांगूही नये! असं काही कळलं की माणसाला आपल्या जिभेची लाज वाटते, आणि त्या लाजेपेक्षा आनंदच जास्त होतो.

शेवटी लेक बटाटेवाल्या सरांसमोर आली. तिचे डोळे भरले होते.

"सर, तुमचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही. तुम्ही आज काहीही मागा. जे म्हणाल ते करीन."

 सरांनी खाली बघितलं, वर बघितलं. बोलावं की नाही असं त्यांचं बराच वेळ चाललं होतं. मग ते संकोचाने म्हणाले,

"तुमची स्कूटर माझ्या गाडीला आडवी लागलीय. तेवढी जरा बाजूला घ्याल का?"